बंद रेकॉर्डरसमोरचं बोलणं

माझी पीएचडी बुडाली. बरं, अजून पुरती बुडाली नाही, बुडायच्या बेतात आहे.

माझा सिद्धांत सोपा आहे: निवांत बोलताना दोन स्वरांमधलं व्यंजन सैल पडतं, म्हणून वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. प्रबंधाची मुदत सोमवारी संपत होती आणि रेकॉर्डरमध्ये एकही 'य' नव्हता. रेकॉर्डर दिसला की घरमालकीण चंद्रभागाकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून बातम्या दिल्यासारख्या बोलायच्या, "केळी गोड आहेत."

वैतागून मी तो बंद केला.

"केयं खाय रे बावा, सकायपासून उपाशी हायेस!"

मी झडप घालून बटण दाबलं.

"आपण सकाळपासून उपाशी आहात," काकू म्हणाल्या.

सबब विद्यापीठास नम्र विनंती, की बंद रेकॉर्डरसमोरचे बोलणे ग्राह्य धरावे आणि पुरावा म्हणून सोबतची केळ्याची साल दप्तरी दाखल करून घ्यावी.