बसलेल्या माणसाचं माप

अकराला दहा मिनिटं कमी होती आणि कपाटाचं दार काही केल्या लागत नव्हतं.

चार बोटं फट राहत होती. सून आत खुर्चीवर बसली, पोट आत ओढलं, हात मागे नेऊन दार खेचलं. दार खुर्चीच्या पाठीवर आपटून परत आलं. समोर आपल्या दुकानातल्या जुन्या बाकड्यावर मांडी घालून बसलेले मास्तर हे सगळं बघत होते आणि, खोटं कशाला बोला, त्यांना मजा येत होती.

"हसू नका," सून आतून म्हणाली.

"मी कुठं हसलो? मी आपला बसलोय."

बसणारच. टेलरमास्तर म्हणून चाळीस वर्षं याच बाकड्यावर बसून काढली होती त्यांनी. त्या चाळीस वर्षांचे बेतलेले खाकी कागद, प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा, वर पेन्सिलीने नाव घातलेला, भिंतीतल्या या मोठ्या कपाटात टांगलेले असायचे. गेल्या आठवड्यात मास्तर गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेले आणि मागे सुनेने ते सगळे रद्दीवाल्याच्या गाडीवर घातले. विचारणं नाही, सांगणं नाही. वर तोंड करून म्हणाली, "निम्मी गिऱ्हाइकं मेली असतील तुमची. त्यांची मापं ठेवून काय करायचंय?"

तिला कपाटात ऑफिस करायचं होतं. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, घरी बसून. अट एकच: बंद दाराची जागा हवी, आवाज नको, आसपास चिटपाखरू नको. आधीची अशीच नोकरी मास्तरांच्या खोकल्यापायी गेली, हे ती दिवसातून एकदा तरी त्यांना ऐकवायचीच. आज अकरा वाजता नव्या कंपनीचा साहेब पडद्यावरून जागा बघणार होता. पसंत पडली तर कामाला सुरुवात, नाहीतर हातात नारळ.

सुतार आला तेव्हा मास्तर इथेच होते. त्याने रिकाम्या कपाटात टेप धरला, टेबलाची फळी ठोकली, फळीखाली कागदपत्रांसाठी खण ठोकले आणि हात झटकून गेला. मास्तरांना तेव्हाच दिसलं होतं. अहो, साधी पँट बेतायची तरी माणूस बसल्यावर किती पसरतो ते धरावं लागतं! ही खुर्चीत बसली की गुडघे खणांना भिडणार, खुर्ची मागे सरकणार, दार उघडं राहणार. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं तिचं माप त्यांनी टेपशिवाय सांगितलं असतं. पण ते दात आवळून गप्प बसले. माझे कागद रद्दीत घातलेस काय? आता बघतो तुझं ऑफिस कसं होतं ते.

सुनेने खुर्ची ढकलून बाहेर काढली आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"दार लागणार नाही ते. सुतार माप घेत होता तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला."

"हो, होतं," मास्तर म्हणाले. "तुला विचारावंसं वाटलं नाही, मला सांगावंसं वाटलं नाही. फिटंफाट."

आता ही रडणार, असं त्यांना वाटलं. त्याचीच तर ते वाट बघत होते. पण सुनेने घड्याळाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या बुडाखालच्या बाकड्याकडे पाहिलं. खुर्चीएवढं उंच, पण पाठ नसलेलं, आखूड.

"उठा."

"काय?"

"उठा म्हणते ना बाकड्यावरून!"

त्यांचा एक पाय खाली येतो न येतो तोच तिने बाकडं एका बाजूने उचललंसुद्धा. मास्तर भिंत धरून कसेबसे उभे राहिले. तोंडात आलेली शिवी त्यांनी दिली, पण ती ऐकायला सून बाहेर होती कुठे? बाकडं कपाटात घालून ती बसली. गुडघे तरीही खणांना टेकलेच. मग तिने चपला काढून फेकल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली, अगदी मास्तर घालायचे तशी. हात मागे नेऊन दार ओढलं.

दार लागलं.

मास्तर उभेच होते. राग जिथल्या तिथे होता, जराही उतरला नव्हता. पण त्या बाकड्यावरची ती मांडी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. रोजचे आठ तास. पहिल्या वर्षी काही वाटत नाही. पाचव्या वर्षी पायाला मुंग्या येतात, दहाव्या वर्षी जिना चढवत नाही. हे सांगायला त्यांना स्वतःच्या वेळी कोणी नव्हतं.

आतून सुनेचा आवाज आला. या घरात कधी न ऐकलेला, गोड, वाकलेला. "गुड मॉर्निंग, सर. हो सर, दार बंद आहे. हे बघा ना."

गिऱ्हाइकांपुढे मास्तरही याच आवाजात बोलायचे. ते लंगडत दारापाशी गेले आणि फटीला तोंड लावलं.

"अगं, पाय सोड मधूनमधून," ते म्हणाले. "सारखी मांडी नको. गुडघे जातात."

आतून साहेबाचा आवाज आला. "कोण बोललं? घरात कोण आहे?"

"कोणी नाही, सर," सून म्हणाली. "मी एकटीच असते."

मास्तरांना खोकल्याची उबळ आली होती. त्यांनी सदऱ्याची बाही दातात घट्ट धरली आणि तिथेच, दाराला टेकून, श्वास कोंडून उभे राहिले.