तिसरं बोट

"काकू, तिसरं बोट परत वर राहिलं! ए मायनर कॉर्डला तीन बोटं लागतात," गिटारचे सर वैतागले.

पुष्पलताने जोर लावला. सकाळपासून खानावळीत भाकऱ्या थापून हात भरून आला होता. संधिवाताने धरलेलं बोट वाकेना.

"झेपत नसेल तर गिटार सोडा. पेटी शिका."

जन्मभर दुसऱ्यांची पोटं भरून पन्नाशीत घेतलेली गिटार सोडायची? तिने चिडून दोनच बोटं दाबून तारा छेडल्या. आवाज दमलेला होता, पण बेसूर नव्हता.

"हे काय वाजलं, सर?"

"ए मायनर सेव्हन्थ. तिसरं बोट उचललं की मोकळी तार वाजते, तोच सातवा सूर. ते पुढच्या वर्षी शिकवतो."

"म्हणजे मी चुकत नव्हते?"

"नाही, पण शिकायचा क्रम..."

"क्रम माझ्या बोटांना सांगा. त्यांच्याकडे पुढचं वर्ष नाही. ही कॉर्ड चालेल तीच गाणी शिकवा. बाकीची राहू देत."