लेपाची पावडर

बॅटरीच्या पोटात प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो. त्यावर खनिजाच्या पावडरचा लेप दिला, की पडदा तापूनही आकसत नाही आणि बॅटरी पेट घेत नाही. भिलाईच्या एका कारखान्यात मी हा लेप बनवते. मला त्याचा अभिमान आहे. बाबांना त्या पावडरचं नावही नको.

मी कामावरून आले की ते फाटकातच ओरडतात, “थांब! आत पाय नको ठेवू. कपडे बादलीत टाक, डोक्यावरून पाणी घे, मंग ये.” अंगणातल्या न्हाणीतून मी ओल्या केसांनी निघते आणि शेजारच्या बायका खिडकीतून हसतात. जसं काही मी गटार उपसून आले!

काल मी ऐकलंच नाही. तशीच आत शिरले, तर बाबांनी बादलीभर पाणी माझ्या अंगावर ओतलं. भिंतीवरच्या आईच्या फोटोचा हारसुद्धा भिजला.

मग माझंही डोकं फिरलं. “तुमी काय करत होते? पोलादाच्या भट्टीत लावायच्या विटांच्या कारखान्यातून बत्तीस वर्षं धुळीनं पांढरेफटक होऊन घरात येत होते. आई रोज तुमचा शर्ट झटकून धुवत होती. तिनं तुमाले कधी बाहेर उभं ठेवलं काय?”

“नाही ठेवलं.” बाबांनी रिकामी बादली खाली ठेवली.



“तिच्या छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरनं मले विचारलं होतं, ‘ह्या बाई कोणत्या कारखान्यात होत्या?’”