एका कुंडीपुरती थंडी

बाहेरची थंडी कायमची गेल्यापासून शीतकेंद्रात घरटी एकाच कुंडीला जागा मिळे. म्हणून दमयंतीने थंडीवाचून न जगणाऱ्या, केशराच्या कुळातल्या क्रोकसचे पाचही कंद निवडीसाठी इस्पितळात बाबांकडे नेले. त्यांतला एक पिवळ्या फुलाचा, जगात उरलेला शेवटचा. बाकीचे साधे केशराचे. यंत्राने ओळखायचं तर कंद चिरावा लागे. बाबांची नजर गेली होती, पण नुसत्या बोटांनी ते जात सांगत.

त्यांनी एकेक कंद चाचपला. मग पुन्हा पहिल्यापासून चाचपला.

"धुतलेस का गं?"

"हो. इथे माती चालत नाही ना. लसणासारखे सोलून, स्वच्छ करून आणलेत."

बाबांची बोटं कंदावर थांबली.

"छान केलंस," ते म्हणाले आणि एक कंद तिच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची मूठ मिटली. "हाच. याला थंडी दे."

त्याच आठवड्यात बाबा गेले. उरलेले चार कंद उकाड्याने सुकून गेले.

कार्तिकात कुंडीत फूल आलं. जांभळं, मधे तीन लाल तंतू. केशर.

दमयंतीने घरी येऊन बाबांची वही काढली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'केशराच्या सालीला जाळी, पिवळ्याची साल गुळगुळीत. सोलल्यावर सगळे सारखेच. साल कधीही काढू नये.'

एक वेलांटी चुकली तरी अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारे बाबा त्या दिवशी तिला 'छान केलंस' म्हणाले होते.