तळहाताची साक्ष

निसटू पाहणारा सामना शेवटच्या डावात उतरून वाचवणारा बेसबॉलचा गोलंदाज, म्हणजे पिचर, डेल हचिन्स अडतीस वर्षांचा झाला होता, आणि त्याला आणखी चार वर्षांचा करार हवा होता. मैदानात उतरण्याआधी तो हात गरम करायला टाकायचा ते चेंडू लॉनी अकरा वर्षं झेलत आला होता. नेब्रास्कातल्या शाळेच्या संघात दोघंही पिचर होते. पुढे चाळीस हजार लोक उभे राहून डेलच्या नावाचा गजर करायचे, तेव्हा लॉनी सुजलेला तळहात बर्फात बुडवून बसलेला असायचा.

यंदाच्या हंगामाआधी डेलने त्याला नवाकोरा ग्लव्ह दिला. "घे लेका, ती जुनी चिंधी पुरून टाक आता!"

'मोठा आलाय दानशूर,' लॉनी मनात म्हणाला. तरी हंगामभर वापरला तो नवाच.

हंगाम संपल्यावर संघाच्या मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. "वेग काय, मशीन सांगतं. डेलच्या चेंडूत जीव उरलाय का, ते तुझा हात सांगेल. खरं बोल."

लॉनीने तळहात पुढे केला. "बघा ना साहेब. यंदा एकदाही सुजला नाही."

खरं बोलणं इतकं गोड त्याला कधीच लागलं नव्हतं.

करार झाला नाही. सामान आवरून डेल निरोपाला आला आणि त्याने लॉनीचा तळहात उलटून पाहिला.

"वा, लॉन्या! त्या ग्लव्हात मी दुप्पट गादी भरून घेतली होती, ती कामी आली म्हणायची."