सुईशिवाय

"सुई बंद करा म्हणे! मग दूध काय ह्यांचा कायदा देणार आहे?" बाबुरावांनी नोटीस पुन्हा एकदा वाचली आणि गव्हाणीच्या काठावर आपटली.

सुरतेच्या उधन्यातल्या त्यांच्या तबेल्यात बावीस म्हशी होत्या. अमळनेरकडून दोन म्हशी घेऊन आलेले बाबुराव आता सगळ्या तबेलेवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख होते, आणि नमतं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कायदा तसा जुनाच, साठ सालचा. जास्त दुधासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं तो कपाटात निवांत झोपला होता. आता जीवदयावाल्यांनी त्याला उठवलं, कुणीतरी निनावी अर्ज केला आणि पहिली नोटीस बाबुरावांच्याच दारात येऊन पडली. गुन्हा शाबीत झाला तर परवाना जाणार होता.

"ज्यांनी जन्मात शेण उचललं नाही, ते आम्हाला म्हैस शिकवणार," बाबुराव म्हणाले.

सुकदेव शेजारी चारा टाकत होता. अकरा वर्षं तो इथे दूध काढत होता. हाताने फार हलका, आणि बोलायला त्याहून कमी. सुई टोचायची वेळ आली की तो बाजूला व्हायचा, म्हणून ते काम बाबुराव स्वतःच करत.

"आबा," तो आज आपणहून बोलला, "साहेबले आठे बलावा ना. डोयाघाई देखू द्या. सुई बिगर म्हैस दूध सोडस नही, हाई त्यासले कळू द्या."

साहेबाला इथे बोलावून त्याच्याच डोळ्यांनी बघू द्यायचं. इतकी सरळ गोष्ट मंडळातल्या एकालाही सुचली नव्हती. आपल्या माणसाला डोकं आहे, याचा बाबुरावांना मनापासून आनंद झाला. त्याच्या बायकोने, शोभाबाईने, मिलच्या फाटकाशी नुकतीच चहाची टपरी टाकली होती. तिच्यासाठी तो रोज दोन लिटर दूध मागून न्यायचा. त्या दिवशी बाबुरावांनी वर अर्धा लिटर जास्त घातलं.

जनावरांचे सरकारी डॉक्टर देसाईसाहेब आढेवेढे न घेता तयार झाले. दुपारच्या धारेला येईन, एक म्हैस माझ्यासमोर सुईशिवाय पिळा, जे दिसेल ते लिहीन, म्हणाले. दूध आलं नाही, तर तसा लेखी अहवाल मिळणार होता. तो घेऊन मंडळ थेट गांधीनगर गाठणार होतं. मग सुरतेतल्या एकाही तबेल्याकडे कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

बाबुराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी चंद्री निवडली. चंद्री तीन आठवड्यांपूर्वी व्यायली होती. पारडू नर निघालं. नराला दूध पाजून करायचं काय? तिसऱ्या दिवशी त्यांनी सुकदेवला सांगितलं, शहराबाहेर इच्छापोरच्या रस्त्याला सोडून ये. प्रत्येक तबेल्यात हेच चालायचं. सुकदेवने पारडू खांद्यावर घेतलं आणि तो गेला. तेव्हापासून चंद्री सुईशिवाय थेंब देत नव्हती. दिवसभर दाराकडे बघायची आणि सुकदेव आला की त्याचा सदरा चाटत बसायची.

"शोभाबाईपेक्षा हिचाच तुझ्यावर जीव आहे रे!" बाबुराव चिडवायचे. सुकदेव फक्त हसायचा.

देसाईसाहेब ठरल्या वेळी आले. मंडळाचे भिकनशेठ आणि आणखी दहा-बारा तबेलेवाले दारात दाटीवाटीने उभे राहिले. सुयांचा डबा साहेबांनी आपल्या ताब्यात घेतला.

सुकदेवने कास धुतली, बादली लावली आणि चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून बसला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. चंद्रीने लाथ झाडली. बादलीत जेमतेम वाटीभर दूध जमलं होतं.

"हे असं आहे, साहेब," बाबुराव छाती काढून म्हणाले. "जनावर काय नळ आहे, तोटी फिरवली की सुरू? आम्ही हौस म्हणून सुई मारतो का? सुई थांबवा, उद्या अख्खी सुरत कोरा चहा पिईल. लिहा तुम्ही बेधडक!"

दारातून टाळ्या पडल्या. देसाईसाहेबांनी मान हलवली, पेन काढलं आणि लिहायला घेतलं.

बाबुरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "सुकदेव, जा, शोभाबाईला टपरीवरून चहा आणायला सांग. स्पेशल!"

सुकदेव जागचा हलला नाही.

"ऐकू आलं नाही का रे?"

"टपरी नही शे, आबा." अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. "कधी नव्हतीच."

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला सरकली आणि शोभाबाई आत आली. तिच्या हातात दोरी होती. दोरीला तीन आठवड्यांचं, काळंभोर, अंगाने भरलेलं पारडू होतं.

चंद्रीने दाव्याला हिसका दिला आणि सगळा तबेला दणाणेल अशी रेकली. पारडू धडपडत तिच्याकडे धावलं.

देसाईसाहेबांचं वाक्य 'सदर म्हैस इंजेक्शनशिवाय' इथवर आलं होतं. त्यांनी पेन उचललं आणि ते खाली वाकून बघू लागले. पारडू अजून दोन हात लांब होतं, सुकदेवचे हात स्वतःच्या मांडीवर होते, आणि चंद्रीच्या सडांतून दूध फरशीवर पडत होतं.