विषय क्रमांक सात

साहेब, माणसाचं तोंड बंद करायचं बटण तुम्ही तुमच्याकडं ठेवून घेतलंत, हा तुमचा पहिला गुन्हा. तेहतीस वर्षं कालव्याच्या कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला घरी पाठवताना गाडी काढून यायचं असतं, त्याच्या हातात नारळ द्यायचा असतो. तुम्ही लिंक पाठवली. पाण्याचा आढावा, गाळाचे फोटो, हजेरीचं नवं अ‍ॅप, आणि सगळं संपल्यावर, 'विषय क्रमांक सात : सेवानिवृत्ती. पाच मिनिटं.'

त्या पाच मिनिटांसाठी तात्या सकाळी दहापासून खुर्चीत ताठ बसले होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, गळ्यात नवा टॉवेल, डोक्यावर नवी टोपी. टॉवेल-टोपी दोन्ही बब्रुवाननं आणलं होतं. दोन वर्षांमागं कामावरून काढून टाकलेला हा रोजंदारीवरचा चौकीदार, कुणी न बोलावता आला होता. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. मोबाइल उभा करायला काही मिळेना, म्हणून तोच दोन्ही हातांनी धरून तात्यांसमोर उभा होता.

"हलवू नकोस, बब्रुवान. माझं अर्धं डोकं गायब होतंय."

"मला काय कळतंय, तात्या? तुमाला समदी हापिसं दिसायलीत, मला मोबाइलची पाठ."

"बोला तात्या," मोबाइलमधून अर्पिता मॅडमचा आवाज आला. विभागातल्या नव्या इंजिनिअर. "दोन मिनिटांत आटपा हं."

तात्यांनी खिशातला कागद काढला, न उघडताच परत ठेवला. पडद्यावर त्रेचाळीस चौकोन होते. निम्मे काळे, नुसती नावं लिहिलेले. साहेब मान खाली घालून काहीतरी वाचत होते.

"साहेब, एकच सांगायचंय. दोन वर्षांमागच्या फेब्रुवारीत कालव्याचं दार बंद करा म्हणून ग्रुपवर तुमचा मेसेज आला. दुपारी चारला मी तो वाचला. तेर गावात मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नात होतो, पंगतीत. 'ओके सर' लिहिलं आणि मोबाइल खिशात घातला. लिहिलं म्हणजे काम झालं, असंच वाटलं मला. ग्रुप नव्हता तवा सायकलवर टांग टाकून दारापर्यंत जात होतो, चौकीदाराच्या तोंडून परत वदवून घेत होतो. बब्रुवानकडं साधा फोन. तो ग्रुपमध्ये नव्हताच. त्याला मी सांगितलंच नाही."

मोबाइल जरासा हलला.

"सकाळपर्यंत पाणी चाललं. आठ जणांच्या रानात शिरून हरभरा गेला. चौकशीसुद्धा तुम्ही अशीच मोबाइलवर घेतलीत. बब्रुवानला लिंक पाठवायची कुणाला आठवण झाली नाही. मला विचारलंत, चौकीदाराला सांगितलं होतं का? मी म्हणालो, सांगितलं होतं, सर. खोटं बोललो. पेन्शन दिसत होती समोर. त्याची रोजी गेली. त्याला परत घ्या, साहेब. चूक माझी होती."

बोलून झालं. तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. दोन वर्षं अन्न गोड लागलं नव्हतं. बब्रुवानला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "वरून आलंय रे. ग्रुपवर ठरलंय. माझ्या हातात काय न्हाय." आणि बब्रुवाननं उलट त्यांचीच समजूत घातली होती, "जाऊ द्या, तात्या. तुमी तरी काय करणार."

"तात्या?" अर्पिता मॅडम हसत होत्या. "अहो, काहीच ऐकू आलं नाही. तुमचा माईक आमच्याकडूनच बंद राहिला होता. सॉरी हं. आता केलाय चालू. परत बोला ना."

साहेबांनी मान वर केली. त्रेचाळीस चौकोन वाट बघू लागले.

कुणीच ऐकलं नव्हतं. तात्यांनी तोंड उघडलं.  पेन्शनचा कागद अजून साहेबांच्या सहीला होता.

"सगळ्यांचे आभार," ते म्हणाले. "साहेबांनी लई सांभाळून घेतलं. काही चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला."

पडद्यावर पिवळे हात टाळ्या वाजवू लागले. एकाचाही आवाज नव्हता. कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं.

"झालं," तात्या पुटपुटले. "ठेव खाली."

बब्रुवाननं मोबाइल खाली ठेवला नाही. इतका वेळ हलणारे त्याचे हात आता दगडासारखे झाले होते. मोबाइलच्या वरून त्याचे फक्त डोळे दिसत होते.

"म्या ऐकलं, तात्या," तो म्हणाला. "पैल्या बारीचं. समदं."

"बब्रुवान, हळू. चालू आहे ते."

"म्हणूनच बोलायलोय."

चौकोनात साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "तात्या, तुमच्यासोबत कोण आहे तिथं? कोण बोलतंय मध्येच?"

तात्यांनी हात पुढं केला. बब्रुवान एक पाऊल मागं सरकला, पण मोबाइल त्यांच्या तोंडासमोरून ढळू दिला नाही.

"साहेब इचारायलेत, तात्या," तो म्हणाला. "आता ऐकू जातंय त्येंला. सांगा की. कोण बोलायलंय?"